इनासचं माप

दुपारी एकला दुकानाचं शटर ओढलं
आणि माप घेऊन त्याच्याकडे गेले:
खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं टोपण,
पाच, दहा, पंधरा मिलीच्या रेघा असलेलं.
जहाजावर त्याच्याकडे चांदीचं होतं म्हणे,
दोन्ही बाजूंनी भरता येणारं, डमरूसारखं.
"तुझंच बरं, फार्मासी बाय," इनास म्हणाला,
"तुझ्या हाताला थेंब चोरायची सवय नाही."

हळदोण्यात या दिवसांत सगळे हुर्राक पितात,
लिमका, मिठाचा कण, उभी चिरलेली मिरची.
जीन कोण पितं?
इनास. म्हणजे प्यायचा नाही, द्यायचा.
एकवीस वर्षं, बंदरामागून बंदर,
गळ्याला काळा बो,
आणि कुणाची बायको कुणाच्या खोलीत
हे माहीत नसल्याचा चेहरा.

गेल्या वर्षीच्या तापात त्याचं नाक गेलं.
आहे जागेवर, चांगलं लांब, चष्मा पेलणारं,
पण सुंगटाची किसमूर आणि फिनेल
त्याला आता एकच.
कितेर नातवाला सांभाळायला लिस्बनला गेली
तेव्हापासून भात दोनदा करपला,
दोन्ही वेळा मी कुंपणावरून ओरडले.

करवंदं म्हापशाची, शुक्रवारच्या बाजारातली,
पानाच्या द्रोणात.
विकणारीच्या बोटांना चीक, मग माझ्या.
विलायतेत यात ब्लॅकबेरी घालतात.
"काटे दोघींनाही असतात," इनास म्हणतो,
"तेवढं नातं पुरे."
साखरेत शिजवली, मलमलीतून गाळली,
जीन ओतून दोन रात्री बाटलीत ठेवली.
फेणी घालू का, विचारलं तर तो हादरलाच:
"फेणी घातलीस की फेणीच उरते.
ती पाहुणी म्हणून येत नाही, घर नावावर करून घेते."

जीन: पंधराची तीन टोपणं, वर एक पाच.
लिंबू: एक पंधरा, एक दहा.
पाक दहाच, अर्क गोड आहे.
कितेर नाताळात दोस ठेवायची तो स्टीलचा डबा,
बर्फ, घट्ट झाकण.
"हलव. अगं, खुळखुळा नव्हे तो!
फेकल्यासारखं. इथून तिथे."
मी हलवते. तो डोळे मिटतो.
बर्फ आधी खडीसारखा वाजतो,
मग थंडीत वाजणाऱ्या दातांसारखा,
मग
"पुरो."
डब्याला बाहेरून धुकं धरलेलं,
बोटं चिकटलेली.

टॉवेलात बर्फ, वरवंट्यानं चुरा,
बुटका पेला काठोकाठ.
अर्क सगळ्यात शेवटी, चमच्याच्या पाठीवरून.
तो लगेच मिसळत नाही.
जांभळी मुळं सोडतो,
बर्फाच्या फटींतून खाली, खाली.
इनास पेला उजेडात धरून बघत बसतो.
याला नाक लागत नाही.

"आता तू पी. आणि सांग."

मी आयुष्यात दोनदा प्यायलेय, दोन्ही वेळा लग्नात.
माझे शब्द दुकानातले.
"तुरट," मी म्हणते, "रक्तदाबाची गोळी
जिभेवर राहून गेल्यासारखं."
तो तोंड वाकडं करतो. "पुढे."
"मग जुनं लाकडी कपाट उघडल्यागत,
आत कुणीतरी लिंबू विसरलंय."
तो खुर्ची पुढे ओढतो.
"मग करवंद. पण शिजवलेलं नाही हं.
शाळेतून येताना डोंगरावरचं,
मीठ फ्रॉकच्या खिशात,
चिकानं ओठ ओठांना चिकटलेले,
आई विचारतेय आणि बोलता येत नाहीय."

"आणि शेवटी?"

"शेवटी थंड.
जरासं कडू, पण रागावलेलं नाही."

इनास बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, "लिंबू पाच जास्त पडलंय."

मी पुन्हा एक घोट घेते.
पडलंय.

रस्त्यावर पदेराचा भोंगा वाजला,
आमच्या दारापाशी रेंगाळला, पुन्हा वाजला.
मी टोपणात वीस मिली लिंबू मोजत होते.
पाव घ्यायला कुणी उठलं नाही.